कोणाचा रे तू?

रा. रा. इटराव,
मु. पो. इंग्रजी, दर तिसरी ओळ.

स. न. वि. वि.

मायन्यातच अडखळलो. 'श्री.' लिहावं की 'सौ.' हे ठरेना. तुमच्या घराण्याची नावंच अशी आहेत. थोरल्या भावाचं नाव 'ही', आणि आमच्याकडे 'ही' म्हणजे बाई. बहिणीचं नाव 'शी', ते आमच्याकडे चारचौघांत घेत नाहीत. चुलत्यांचं नाव 'दे', म्हणजे मागणाराच झाला. राहता राहिलात तुम्ही, ना बाप्या ना बाई. शेवटी मागे 'राव' लावून मोकळा झालो. तुमच्या बाबतीत मी पोटासाठी हेच करतो. अंदाजाने काहीतरी लावायचं आणि खाली आपली सही ठोकायची.

माझा धंदा भाषांतराचा. बावीस वर्षं इंग्रजी कागद मराठीत आणतो आहे: करारनामे, विम्याच्या अटी, फवारणी पंपांची माहितीपत्रकं, अधूनमधून एखादी नोटीस. लोकांना वाटतं, मोठमोठे शब्द नडत असतील. छे! सबरोगेशन काय नि इन्डेम्निटी काय, कोश उघडला की मांजरासारखे गप्प बसतात. नडता ते तुम्ही, दोन अक्षरी. कोशात तुमच्यापुढे 'तो, ती, ते' असं तिन्ही छापलेलं असतं. म्हणजे कोशकारानेही हात वर केलेले.

आमच्या गावात अनोळखी पोर अंगणात शिरलं की आजी सुपातून मान वर न करता विचारायची, "कोणाचा रे तू?" पोर बापाचं नाव सांगायचं, मग आळी, मग आजोळ. एवढा पत्ता लागला की हातावर शेंगदाणे पडायचे. मी तुम्हाला बावीस वर्षं तेच विचारतोय. तुम्ही अंगणातून सरळ माजघरात जाता, पाटावर बसता, जेवून उठता. कोणाचे, ते सांगत नाही.

परवाचंच घ्या. फवारणी पंपाचं पत्रक होतं. मजकूर असा: गाळणी टाकीतून काढा, आणि इट भरण्यापूर्वी इट धुऊन घ्या. एका ओळीत दोनदा आलात. भरायची ती टाकी, गाळणी कोणी भरत नाही, इतकी अक्कल मलाही आहे. पण धुवायचं काय? कंपनीला विचारलं. उत्तर आलं की मुळात आहे तसंच ठेवा. ठेवलं. गाळणीही 'ती', टाकीही 'ती', त्यामुळे मराठीतसुद्धा 'ती भरण्यापूर्वी ती धुऊन घ्या' असं छान झाकलं गेलं. पुढे हंगामात दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाईकाने टाकी घासूनपुसून आरशासारखी केली होती, आणि गाळणीत मागच्या वर्षीचा गाळ तसाच. नोझल तुंबलं. शिव्या मला पडल्या. तुम्हाला कोण देणार? तुमचा पत्ता कोणाला माहीत आहे?

बोलता बोलता धंद्यातली चोरवाट सांगून गेलो, तर पुरतीच सांगतो. मराठीत दर नामाला लिंग असतं, त्यामुळे तुम्हाला आणताना 'तो'च्या, 'ती'च्या किंवा 'ते'च्या दारात उभं करावंच लागतं. मूळ लिहिणाऱ्याने टाळलेला निवाडा भाषांतरकाराच्या गळ्यात पडतो. तो पडू नये म्हणून आम्ही काय करतो? दोन्ही नामं एकाच लिंगाची निवडतो. 'यंत्र' नको, 'यंत्रणा' घ्या. 'कागद' नको, 'कागदपत्रं' घ्या. मग मुळातलं धुकं मराठीत जसंच्या तसं उतरतं आणि आपले हात कोरडे राहतात. ही लबाडी मला कोणी शिकवली? तुम्हीच, इटराव.

बरं, तुम्ही कोणाचे तरी असता हेसुद्धा नेहमी खरं नाही. 'इट इज रेनिंग' म्हणतात. पडतंय कोण? आमच्याकडे पाऊस पडतो. पडणारा पाऊस, भिजणारे आपण, हिशेब संपला. दहा वाजतात, उशीर होतो, उकडतं. तुमच्या गावात मात्र कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवायची सोय नाही, म्हणून तिच्यावर तुम्हाला बसवून ठेवलंय. हजेरीपटावर नाव आहे, पगार निघतो, कामाच्या जागी माणूस नाही. व्याकरणवाले तुम्हाला डमी म्हणतात, म्हणजे तुमच्या तोंडावर म्हणतात.

या रिकाम्या नोकरीत तुम्ही केलेला सर्वांत मोठा पराक्रम कचेऱ्यांतला. 'इट हॅज बीन डिसायडेड', 'इट इज रिग्रेटेड'. ठरवलं कोणी? खेद कोणाला झाला? कोणालाच नाही, इटला झाला. साहेब निर्णय घेऊन मोकळा, दोष घ्यायला तुम्ही पुढे, आणि तुम्हाला तर अंगच नाही. आमच्या सरकारी मराठीने ही विद्या इमानेइतबारे उचलली. 'असे ठरविण्यात आले आहे.' तिने तुमचं नावसुद्धा ठेवलं नाही, फक्त तुमची सावली ठेवली.

आता मुख्य तक्रार. गेल्या महिन्यात एका बांधकाम कंपनीचा करार आला. त्यातलं एक कलम तुमच्या कुटुंबाला आहे तिथे ठेवून मराठीत मांडतो: ठेकेदाराने कंपनीच्या प्रतिनिधीला, 'ही' 'हिज' सामान साइटवरून हलवण्यापूर्वी, लेखी कळवावं, 'इट' नादुरुस्त आढळल्यास 'हिज' खर्चाने 'इट' दुरुस्त व्हावं. हलवणारा ठेकेदार की प्रतिनिधी? सामान ठेकेदाराचं की प्रतिनिधीचं? नादुरुस्त काय, सामान की साइट? खर्च कोणाचा? दुरुस्त काय करायचं? पाच जागा, प्रत्येकीला दोन उमेदवार. मी हातात पेन्सिल घेऊन गुणाकार केला. बत्तीस अर्थ निघतात. कलम माझ्याकडे बघून बत्तीशी दाखवत होतं.

बत्तीसपैकी पंचवीस-सव्वीस वेडगळ आहेत, हे मान्य. कुठलाही शहाणा माणूस ते आपोआप गाळतो. पण उरलेल्या सहा-सातांत पैसा आहे. 'हिज खर्चाने' याला मी 'स्वखर्चाने' लिहिलं तर ठेकेदार बुडाला. 'त्याच्या खर्चाने' लिहिलं तर बिल प्रतिनिधीच्या, म्हणजे कंपनीच्या माथी. मराठीला 'आपला' आणि 'स्वतःचा' हे शब्द आहेत, ते कर्त्याचं बोट सोडत नाहीत. सुरेशने रमेशला आपली छत्री दिली म्हटलं की छत्री सुरेशची, त्यावर भांडण नाही. इंग्रजीत छत्री 'हिज', आणि ती सुरेशची, रमेशची की तिसऱ्याच कोणाची हे पाऊस थांबेपर्यंत कळत नाही.

आमच्या खरेदीखतांची भाषा बघा. लोक हसतात तिला. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार', 'सदर मिळकत', 'सदरहू रक्कम', ओळीमागून ओळ तीच रटाळ पालखी. पण ज्या कारकुनाने ती घडवली त्याने तुमच्या जातीला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. 'त्याने त्याला' असं तो मरेपर्यंत लिहिणार नाही. दर वेळी पुरतं नाव घेईल, कारण शाई स्वस्त आणि कोर्ट महाग, हे त्याला ठाऊक होतं. इंग्रज वकीलही तुम्हाला बिचकून असतात, म्हणून 'सेड' आणि 'अफोरसेड' पेरत बसतात. आणि एवढी काळजी घेऊनही शुक्रवारी संध्याकाळी घाईत लिहिलेल्या एखाद्या कलमातून तुम्ही आत शिरता.

शाळेत आम्हाला तुमच्यावर एक उतारा शिकवला होता: सर्वनाम जवळच्या नामाचं. गुरुजींनी फळ्यावर बाण काढून दाखवला होता, आणि परीक्षेत उताऱ्याखाली 'इट म्हणजे काय' हा एक मार्काचा प्रश्न ठरलेला. एक मार्क मिळायचाही. पण तो नियम खोटा आहे, इटराव, आणि तो खोटा आहे हे तुम्हाला माहीत असूनही तुम्ही गप्प राहिलात. संगणकवाल्यांचं एक आवडतं कोडं आहे. करंडक सूटकेसमध्ये मावत नाही, कारण इट फार मोठा आहे. इथे जवळची सूटकेस, पण मोठा आहे करंडक. आता 'मोठा' काढून 'लहान' घाला, बाकी अक्षर हलवू नका. लगेच इट म्हणजे सूटकेस. बाण उलटा फिरला, आणि व्याकरणाने त्यात काडीचीही मदत केली नाही. मदत केली ती सामान भरायची सवय असलेल्या माणसाच्या अकलेने.

मराठीत हे कोडं घालताच येत नाही, याचा मला काही दिवस फार माज होता. करंडक 'तो', सूटकेस 'ती'. 'कारण तो मोठा आहे', 'कारण ती लहान आहे'. पुरुषोत्तम करंडकाला उतरलेलं कुठलंही पोर हे झोपेत सोडवेल. मी चार मित्रांना ऐकवलं, भाव खाल्ला.

मग इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत फिरणारा तो जुना विनोद समोर आला. बाळाला कच्चं दूध मानवत नसेल तर इट उकळा. म्हटलं, आणू या मराठीत. बाळाला कच्चं दूध मानवत नसेल तर ते उकळा. बाळ 'ते', दूधही 'ते'. माझी तीन लिंगांची फौज पातेल्यासमोर उभीच राहिली. आणि मग खाजवून खाजवून आठवायला लागलं. 'ते' म्हणजे एक बाळ, 'ते' म्हणजे चार पुरुष, 'ते' म्हणजे एकटे आदरणीय सासरे. 'त्यांनी' म्हटलं की बाया, बाप्ये, मुलं आणि मुख्यमंत्री सगळे एका पोत्यात. वर्तमानपत्रात रोज छापतात, 'मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले की त्यांनी चौकशी करावी', आणि चौकशी होत नाही याचं आपण नवल करतो.

एका बाबतीत मात्र आम्ही तुमचे गुरू आहोत. माझी आजी जन्मभर आजोबांना 'हे' म्हणत आली. आधी नाव नाही, मागे नाव नाही, संदर्भ शून्य. "हे आले", "ह्यांना चहा नको", "ह्यांचं डोकं दुखतंय." गावात पन्नास बाया पन्नास 'हे' वापरत होत्या, आणि उभ्या गावात कधी एकाचा चहा दुसऱ्याला गेला नाही. नाव फक्त उखाण्यात. सर्वनामाने असं नांदावं, इटराव.

तुमच्या मागावर फार मोठी माणसं लागली, हे सांगितलं नाही तर तुमचा अपमान होईल. टेरी विनोग्राड यांनी एमआयटीत एक प्रोग्राम केला होता. त्याच्या जगात फक्त रंगीत ठोकळे. हुकमातला इट मोघम वाटला की तो उलट सांगायचा, इट म्हणजे तुम्हाला अमुक उंचीचा ठोकळा अभिप्रेत आहे असं मी धरतो. पन्नासेक वर्षांपूर्वीचं यंत्र, आणि काय ती रीत! माझ्या एकाही गिऱ्हाईकाने आजवर मला इतक्या सभ्यपणे काही सांगितलेलं नाही. त्याच विनोग्राड यांनी १९७२ साली नगरसेवकांचं उदाहरण दिलं; आज ते या रूपात फिरतं. नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. आता 'भीती होती' काढून 'हिंसाचाराचा ते पुरस्कार करत होते' असं घाला. 'ते' नगरसेवकांकडून उठून आंदोलकांत जाऊन बसतात. हे मराठीतही तितकंच लागू, कारण दोन्हीकडे माणसंच. तुमच्या चुलत्यांचं, म्हणजे 'दे'चं, हे काम.

जेरी हॉब्ज यांनी १९७८ साली दुसरी युक्ती काढली. अर्थाच्या नादी लागायचंच नाही. वाक्याची फांद्याफांद्यांची आकृती काढायची आणि ठरलेल्या वाटेने, डावीकडून उजवीकडे, शोधत जायचं. इंग्रजीत कर्ता डावीकडे असतो, म्हणून पहिला मान त्याला. गुरुजींच्या जवळच्या नामाला इथे दुसरा नंबर. तीनशे सर्वनामांवर हे करून पाहिलं आणि सुमारे ८८ टक्के वेळा उत्तर बरोबर आलं. काहीही न समजता ८८ टक्के! उरलेल्या १२ टक्क्यांवर माझं घर चालतं.

आणि आमच्याकडचे अरविंद जोशी. जन्म पुण्यात, १९२९ सालचा. इंजिनिअरिंग पुण्यात शिकून अमेरिकेला गेले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी हयात घालवली. बार्बरा ग्रोझ आणि स्कॉट वाइनस्टाइन यांच्यासोबत त्यांनी तुमच्या वागण्याचं शास्त्र मांडलं. सुरुवात १९८३ साली, सविस्तर लेख १९९५ साली. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत असं: बोलणं चालू असताना दर वाक्याला एकच गोष्ट मांडवाच्या मधोमध बसलेली असते, आणि सर्वनामाने आधी तिच्याकडे जायचं असतं. कर्त्याचा मान वरचा, कर्माचा खालचा. मधोमध बसलेल्याला उठवायचं असेल तर दुसऱ्याचं नाव घेऊन उठवावं. तसं न करता परस्पर सर्वनाम फिरवलं की ऐकणाऱ्याला ठेच लागते. 'सुरेशने रमेशला फोन केला. तो झोपला होता.' लागली ना? उठून बसलात ना क्षणभर? झोपेत फोन कोण करेल म्हणून तुम्ही सावरलात, पण ठेच लागलीच. ज्या पुण्यात लग्नाच्या पंगतीत पाट कोणाचा यावरून रुसवे व्हायचे, त्या गावच्या माणसाला हे सुचावं यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मग २०११ च्या सुमारास हेक्टर लेवेक यांनी तुमच्यावरच यंत्रांची परीक्षा बेतली. करंडक-सूटकेससारखी वाक्यं द्यायची, इट कोण ते ओळखा म्हणायचं. २०१६ साली न्यूयॉर्कला स्पर्धा झाली. दुसऱ्या फेरीसाठी नव्वद टक्के हवे होते. पहिल्याचे गुण अठ्ठावन्नच्या आसपास. दुसरी फेरी झालीच नाही. त्या दिवशी मी पेढे वाटायला हवे होते. पण चारपाच वर्षांत यंत्रांनी नव्वदीही ओलांडली, आणि आता गिऱ्हाईक मला सांगतं, मशीनने केलंय, तुम्ही फक्त नजर फिरवा. नजर फिरवतो. यंत्र आता करंडक चुकत नाही. ठेकेदाराच्या कलमातला इट मात्र तेही माझ्यासारखंच अंदाजाने ठोकतं, फरक इतकाच की त्याला घाम येत नाही. कलम लिहिणाऱ्यालाच जे ठरवायचं नव्हतं, ते यंत्र शोधणार कुठे?

तुमच्या थोरल्या बंधूंचं एक प्रकरण राहिलं, आणि ते गमतीचं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आठव्या कलमात लिहून ठेवलं होतं की 'ही' म्हणजे कोणीही व्यक्ती, पुरुष असो की स्त्री. छान. म्हणजे चोरी केली, खून केला तर बाई 'ही'मध्ये बसली. मग १९१६ साली रेजिना गुहा या कायद्याच्या पदवीधर बाईने वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असा सर्वसाधारण कायदा होताच. कलकत्ता उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. वकिलांचा कायदा करणाऱ्यांच्या मनात बाई नव्हतीच, असं ठरलं. तोवर आमच्या नाशकात जन्मलेल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना ऑक्सफर्डला जाऊन कायद्याची परीक्षा देऊन चोवीस वर्षं झाली होती. फासावर जायला बाई 'ही'मध्ये मावत होती, फासावरून कोणाला सोडवायला मावत नव्हती. करंडक तोच, सूटकेस तीच, झाकण कोण दाबतंय यावर मावणं ठरत होतं. शेवटी १९२३ साली बायकांच्या वकिलीसाठी वेगळा कायदा करावा लागला. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या न्याय संहितेत तो 'ही' पुन्हा आलाय, आता पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असा तिघांचा. बंधूंना सांगा, जागा वाढली आहे, अंग चोरून बसू नका.

तर ठेकेदाराचं कलम. बत्तीसपैकी कोणता अर्थ घ्यावा यासाठी मी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. पान सात, कलम चार, दुसरा इट: सामान की साइट? तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अक्षरशः एवढंच.

'इट इज फाइन अ‍ॅज इट इज. प्लीज सेंड इट बाय मंडे.'

तीन इट. पहिला बहुधा कलम, दुसराही तोच असावा, तिसरा म्हणजे भाषांतर, किंवा बिल. बिल असेल तर बरं. मी साइट बदलून 'जागा' केली आणि सामान बदलून 'सामग्री'. 'ती नादुरुस्त आढळल्यास' असं लिहिलं. खर्चाच्या ठिकाणी 'नियमानुसार' घातलं, हा माझा स्वतःचा शोध आहे. सोमवारी पाठवून दिलं.

कळावे. लोभ असावा; कोणाचा कोणावर, ते नेहमीप्रमाणे मोघम ठेवा.

आपला,
(म्हणजे तुमचा की माझा स्वतःचा, हे अजून ठरायचं आहे)
एक भाषांतरकार